टाक्यांची सावड

महाड-पोलादपूरच्या इतिहासावर लिहायला बसलेल्याचा रस्ता ठरलेला असतो. तो रायगडावरून निघतो, पाचाडला जिजाऊंच्या समाधीपाशी थांबतो, पोलादपुरात कवींद्र परमानंदांना आणि उमरठला तानाजी मालुसऱ्यांना नमस्कार करतो, तिथून चवदार तळ्यावर येतो आणि अलीकडच्या काळात पोचला की २००५ आणि २०२१ च्या दरडी मोजतो. हे सगळं खरं आहे आणि लिहायलाच हवं. पण या साऱ्या शतकांत सावित्रीच्या खोऱ्यातली माणसं रात्री काय पांघरून झोपत होती, हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. कापड कुणाकडे होतं, फाटल्यावर ते कुणाकडे जायचं, कोण कुणासाठी ते शिवायचं, याचा हिशेब बखरकारांनी ठेवला नाही. त्यांना त्याचं कारणही नव्हतं.

आपल्याला आहे. कोण देतो, कोण घेतो, घेणाऱ्यानं मान वर ठेवायची की खाली, हे सगळं कापडाच्या घडीत असतं. आणि या देण्याघेण्यात सर्वांत कमी नोंदलं गेलेलं देणं म्हणजे बरोबरीच्या माणसानं बरोबरीच्या माणसाला हातानं शिवून दिलेलं: मैत्रिणीच्या बाळाला दिलेलं दुपटं, शेजारणीच्या गोधडीत घातलेल्या चार ओळी. त्याला ना मुहूर्त लागतो ना मानपान.

महाडच्या वेशीवर, मुंबई-गोवा महामार्गाला लागून, गांधारपाल्याची बौद्ध लेणी आहेत, इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांतली. पावसाळ्याचे महिने भिक्खूंनी एका जागी काढायचे, हा वर्षावासाचा नियम. आणि ज्या खोऱ्यात जूनमध्ये लागलेला पाऊस सप्टेंबरपर्यंत उसंत देत नाही तिथे तो पाळण्यावाचून गत्यंतरही नसावं. विनयपिटकात चीवराबद्दल फार बारकाईनं लिहिलेलं आहे. अखंड वस्त्र घ्यायचं नाही, कापून तुकडे जोडायचे, म्हणजे चोरालाही त्याचा लोभ सुटू नये. तुकड्यांची मांडणी मगधातल्या खाचरांप्रमाणे, मधे बांध सोडून. बुद्धानं शेतं दाखवली आणि आनंदानं तसं चीवर बेतलं, अशी कथा. वर्षावास संपला की कठिन. संघाला मिळालेलं कापड सर्वांनी मिळून एका दिवसात कापायचं, शिवायचं, रंगवायचं आणि ज्याचं चीवर जीर्ण झालं असेल अशा सोबत्याला द्यायचं. काम उद्यावर टाकायची मुभा नाही. सोबत्यासाठी सर्वांनी बसून शिवलेल्या वस्त्राची एवढी जुनी आणि एवढी काटेकोर नोंद जगात फार ठिकाणी नसेल. महाराष्ट्रातले बौद्ध आजही वर्षावासाच्या शेवटी चीवरदान करतात. चीवर आता बहुधा तयार शिवलेलं मिळतं, एवढाच फरक.

याच काळातला दुसरा दाखला नाशिकच्या लेण्यांतला. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात यानं तिथल्या लेण्यासाठी तीन हजार कार्षापणं ठेवली, त्यातली दोन हजार विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजानं. त्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापणं चीवरासाठी द्यायची. वर्षाचं व्याज दोनशे चाळीस, वीस गुणिले बारा दोनशे चाळीस, हिशेब चोख. म्हणजे एक वस्त्र सत्ताधाऱ्याच्या ठेवीतून येणारं आणि दुसरं सोबत्यांनी मिळून शिवलेलं. या दोन वाटा पुढं दोन हजार वर्षं चालत राहिल्या. शिलालेख मात्र पहिलीचाच कोरला गेला, कारण कोरणावळ द्यायला पैसे तिच्याकडे होते.

रायगडावर १६७४ च्या ज्येष्ठात राज्याभिषेक झाला तेव्हाही मानाची वस्त्रं दिली गेली. पुढं तर वस्त्रं मिळाली म्हणजे पद मिळालं, इतकं ते रूढ झालं. पेशवाईचीसुद्धा वस्त्रंच येत. गडाखालच्या गावगाड्यात हाच व्यवहार उलट्या टोकाला चाले. तिथं वरून खाली जुनेर येई. सणाला घरगड्याच्या बायकोला मालकिणीचं विटकं लुगडं, बलुतेदाराला मालकाचं धोतर. महारांच्या वाट्याला मढ्यावरचं कापड येई आणि त्याला हक्क म्हणत. ज्यात घेणाऱ्याला नको म्हणायची सोय नाही त्याला हक्क म्हणण्याची हुशारी आपल्या समाजरचनेत जागोजाग दिसते.

या हक्कांना एक मोठा नकार महाडातच मिळाला, ही गोष्ट चवदार तळ्याच्या पाण्याच्या तेजात थोडी झाकली जाते. मार्च १९२७ च्या परिषदेत, जिच्या उभारणीत दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे पुढे होते, डॉ. आंबेडकरांनी मेलेल्या ढोराचं मांस आणि उष्टं तुकडं सोडायला सांगितलं. मग २० तारखेला तळ्यावर जाऊन पाणी प्यायलं गेलं. त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली आणि त्या मुक्कामात बाबासाहेब स्त्रियांशी वेगळं बोलले. लुगडं फाटकं असलं तरी हरकत नाही, स्वच्छ असावं. नेसण्याच्या ज्या तऱ्हेवरून लोक जात ओळखतात ती टाकावी. अंगावर कथलाचे ढीगभर दागिने नकोत. माझ्या मते मराठी कापडाच्या इतिहासातलं हे सर्वांत महत्त्वाचं भाषण आहे. फाटकेपणाची लाज त्यांनी काढून टाकली आणि मिंधेपणाची जागी केली. ठिगळ लावलेलं लुगडं नेसून महाडला आलेली बाई स्वतःच्या हातचं नेसलेली असते. मढ्यावरचं कापड घेणाऱ्याला तेवढंही म्हणता येत नव्हतं.

आता गोधडी. ती आपण समजतो तितकी पुरातन नसावी, निदान आजच्या रूपात तरी. तुकडे जोडणं जुनंच आहे, ते वर आलं. पण गरिबाच्या घरात चार गोधड्या असायच्या तर आधी त्या घरात आठ-दहा लुगडी-धोतरं फाटायला हवीत, आणि हातमागाच्या काळात तेवढं कापड कुणब्याच्या घरात यायचं कुठून? घोंगडी होती, पेंढा होता, चूल होती. पावसात शेतावर इरलं होतं. कापड स्वस्त झालं ते आधी मँचेस्टरनं आणि मग मुंबईनं. कावसजी दावरांच्या गिरणीची स्थापना १८५४ ची, ती चालू झाली १८५६ मध्ये, आणि पुढच्या पन्नास वर्षांत मुंबई गिरण्यांचं गाव झाली. त्या गिरण्यांत राबायला रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांतून माणसं गेली. महाड-पोलादपूर तेव्हा कुलाब्यात. होडीनं सावित्रीतून बाणकोटला, तिथून आगबोटीनं मुंबईला, पुढं एस.टी. आली.

जाणाऱ्याच्या खांद्यावर वळकटी असे. वळकटीत गोधडी, गोधडीत एखादं धोतर आणि सदरा. परळ-लालबागला गाववाल्यांची खोली असायची, दहा बाय दहाची, वीस-पंचवीस माणसांची. पाळीप्रमाणं झोपायचं: एकजण रात्रपाळीहून आला की दुसरा उठून दिवसपाळीला निघायचा, आणि जागा रिकामी राहायची नाही. त्या खोलीत माणसाचं स्वतःचं असं एक हूक, एक पत्र्याची पेटी आणि एक गोधडी. उलट दिशेनं, गणपतीला आणि शिमग्याला गावी येताना, तो गिरणीचं स्वस्तातलं कापड आणायचा. डागी माल, कटपीस, मांजरपाट. त्याचं अस्तर व्हायचं, झबली व्हायची, उरलेलं ठिगळांना. गावाकडून शिवलेलं वर जायचं आणि वरून न शिवलेलं गावाकडे यायचं, असा हा फेरा शंभरेक वर्षं चालला. त्यात दुसऱ्या महायुद्धाची टंचाई येऊन गेली. १९४३ मध्ये सरकारनं कापडावर नियंत्रण आणलं आणि कापडही शिधापत्रिकेवर गेलं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि फेरा तुटला. संपावरच्या पुस्तकांत बोनस, बदली कामगार, संपाचे नेते दत्ता सामंत, जमिनीचे भाव हे सगळं आहे. गावात गोधडीला अस्तर मिळेनासं झालं, हे त्यांत कुठून येणार?

गोधडी शिवायचा हंगाम भात झोडून झाल्यानंतरचा. राबाची भाजणी आणि पावसाची बेगमी यांच्या मधल्या दुपारी. नऊवारी लुगडं म्हणजे सव्वाआठ मीटर लांब. त्याचे काठ आधी काढून घ्यायचे, ते शेवटी कडेला लावायला लागतात. उरलेल्याचे दोन-दोन मीटरचे चार तुकडे. त्यातला धडका वर, दुसरा खाली, विरलेले मधे, आणि मध्यावर जिथे अंग जास्त घासतं तिथे आणखी धडुती. सारवलेल्या खळ्यात हे थर एकावर एक पसरायचे, चार कोपऱ्यांवर दगड नाहीतर पाट ठेवायचे, ओल्या तळव्यानं सुरकुत्या कडेला ढकलायच्या आणि लांब लांब टाके घालून सगळं टाचून घ्यायचं. इथं घाई केली तर पुढं चुणी पडते, आणि पडलेली चुणी गोधडी फाटेपर्यंत पाठीला टोचते.

मग धावदोरा. दोरा मेणावरून ओढून घेतलेला. चार बायका चार बाजूंना बसतात आणि कडेपासून आत येतात. उजवा हात वर, डावा खाली. खालच्या हाताचं काम सुईचं टोक आलं की नाही हे चाचपण्याचं, म्हणून जुन्या हातांच्या डाव्या तर्जनीला घट्टा असे. ओळी आत सरकतात तशा बायकाही सरकतात; दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्या गोधडीवरच येऊन बसलेल्या असतात, आणि शेवटची चौकट राहिली की चौघींचे गुडघे एकमेकींना लागतात. बोलणं अर्थातच या वेळेपर्यंत बरंच पुढं गेलेलं असतं. सासूला ऐकू जाऊ नये असं बोलायला घरात दुसरी जागा नव्हती आणि हातात सुई असली की कुणी उठा म्हणत नसे.

पूर्ण झालेल्या गोधडीत चार हात वेगळे दिसतात. एकीचा टाका तांदळाएवढा, दुसरीचा लांब आणि तिरका, तिसरी ओळ सोडून भरकटणारी. सही कुठंच नसते, पण शिवणाऱ्यांना टाका ओळखू येतो. अमेरिकेत १८४० च्या दशकात मैत्रिणींनी मिळून गोधड्या शिवायची टूम निघाली होती. प्रत्येकीनं एक चौकोन शिवायचा, त्यावर शाईनं नाव लिहायचं आणि गाव सोडून जाणाऱ्या सखीला ती द्यायची. अशा कितीतरी गोधड्या आज तिकडच्या संग्रहालयांत आहेत आणि त्यांवरच्या नावांवरून अभ्यासक गावंच्या गावं उभी करतात. आपल्याकडे नाव लिहिण्याइतपत अक्षर बायकांच्या हातात यायलाच शतक जावं लागलं. पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदनानं १९०९ पासून शिवण आणि अक्षर दोन्ही शिकवलं, पण तिथून पोलादपूरच्या वाड्या लांब होत्या.

या चौघींतल्या देण्याघेण्याला काय म्हणायचं? शेतात जिला सावड म्हणतात तीच ही. आज तुझ्या गोधडीवर मी, उद्या माझ्या गोधडीवर तू. पैसा नाही, उपकार नाही, आणि कोण किती दुपारी आली याचा हिशेब सगळ्यांच्या डोक्यात पक्का. बाईच्या हातात स्वतःचं म्हणून दुसरं काय होतं? कापड घरचं, पैसा मनीऑर्डरचा, माहेरून आलेलं सासूच्या पेटीत. नणंदेला, भाचीला, जावेला द्यायचं ते रीतीनं ठरलेलं, त्यात चुकलं तर बोलणी. मैत्रिणीला द्यायचं कुठल्या रीतीत बसत नव्हतं, म्हणून तेवढंच तिच्या मर्जीचं. आणि ते द्यायला तिच्याजवळ फक्त दुपार होती.

लहान मुलाच्या कपड्यांत ही मर्जी जास्त दिसते. बाळंतविडा माहेरचा, पण त्यात शेजारपाजारच्या, शाळेतल्या सोबतिणींचं काही ना काही असायचंच: बंदांची झबली, टोपडी, कुंची, लंगोट, दुपटी. बाळाच्या अंगाला आधी जुनं कापड लावायचं, नवं नाही. त्याला रीत म्हणतात, पण कारण साधं आहे. खूप धुतलेलं सूत मऊ होतं आणि पाणी शोषतं. म्हणून बारशाच्या आधी महिना-दोन महिने मैत्रिणी जुनं पातळ मागून ठेवत. मागून ठेवत, हे लक्षात घ्यावं. जुनं कापड हक्कानं मागायचं आणि शिवून परत द्यायचं, यात कुणाचीही मान खाली जात नाही. गावगाड्यातलं जुनेर आणि हे पातळ, तागा एकच असला तरी, निराळ्या वाटांनी आलेली.

सुती लुगडं संपलं तिथून गोधडीची उतरण लागली. सत्तरीच्या दशकापासून सिंथेटिक साड्या आल्या. बायकांनी त्या आनंदानं घेतल्या आणि त्यांचं बरोबर होतं. सहावारी, हलकी, धुवायला सोपी, वाळायला पटकन. कोकणच्या पावसात चार महिने ओलं लुगडं दांडीवर पाहिलेल्या बाईला वाळणारी साडी म्हणजे काय हे पुरुषानं सांगू नये. पण ही साडी फाटत नाही, आणि फाटली तरी विरत नाही. थर एकमेकांवरून घसरतात, टाका ओढला की गोळा होतो, घाम शोषला जात नाही. नऊवारी नेसणारी पिढी गेली तशी गोधडीची खाणच बंद पडली. दुकानात मग पानिपतची ब्लँकेटं आली. पानिपतात परदेशातले जुने लोकरी कपडे आयात होतात, त्यांचे पिंजून पुन्हा धागे काढतात आणि त्याची स्वस्त ब्लँकेटं विणतात. मराठी माणसाचा पानिपतशी दुसऱ्यांदा संबंध आला तो असा. म्हणजे पोलादपूरच्या घाटाखालचा माणूस आजही कुणाचं तरी जुनेरच पांघरतो. फक्त कुणाचं, ते त्याला माहीत नसतं.

अनोळखी जुनेराचा आणखी एक प्रकार या तालुक्यांनी जवळून पाहिला आहे. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन इथं दरडी आल्या. २२ जुलै २०२१ ला महाड शहर पाण्यात गेलं, तळीये गाडलं गेलं आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. पोलादपूर तालुक्यातही दरडींनी माणसं घेतली. पुराचं पाणी घरात शिरलं की गोधडी आधी जाते. चिखल थराथरांत बसतो, ओल्या गोधडीचं ओझं एकट्यानं उचलत नाही, आणि श्रावणात ती वाळत नाही. आपत्तीनंतर शहरांतून गाड्या येतात. अशा वेळी धान्य, औषधं, पाणी पाठवणाऱ्यांचे उपकारच आहेत. पण देशात कुठंही संकट आलं की वापरलेल्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला भिजत पडलेले दिसतात. २००१ च्या भूजच्या भूकंपानंतर हे फार बोललं गेलं. अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये सुरू केलेल्या 'गूंज'नं यातून एक वाट काढली. कपडा फुकट वाटायचा नाही. गावानं स्वतःचं काम, विहीर, रस्ता, बंधारा करायचा आणि कपडा त्याचा मोबदला म्हणून घ्यायचा. निरुपयोगी तुकड्यांच्या तिथे सुजनी शिवतात, म्हणजे गोधडीची बिहारी बहीण. १९२७ साली महाडात जो मुद्दा निघाला होता तोच हा, दुसऱ्या शब्दांत.

आता गोधडीला बरे दिवस आलेत असं म्हणतात. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ पासून आहे, 'उमेद' अभियान आलं, बचत गट आले, मुंबईच्या महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनांत गोधडी मांडली जाते. पुण्या-मुंबईत आजीच्या साड्यांची गोधडी करून देणारे व्यावसायिक आहेत, मुलांच्या लहान झालेल्या टी-शर्टांची करून देणारेही. बंगालच्या कांथाचं असंच झालं. जसीमउद्दीन यांचं 'नक्षी कांथार माठ' १९२९ मध्ये आलं, १९७१ नंतर बांगलादेशात संस्था उभ्या राहिल्या आणि खेड्यातल्या बाईची फाटकी साडी राष्ट्राची ओळख झाली. चांगलंच आहे. पण मग किंमतही नीट बोलू या. सव्वा मीटर रुंद, दोन मीटर लांब गोधडी, दीड सेंटीमीटरला एक ओळ: त्र्याऐंशी ओळी, १६६ मीटर टाके. सेंटीमीटरला एकदा सुई गेली असं धरलं तरी साडेसोळा हजारांवर वेळा. रोज तीन-साडेतीन तास बसणाऱ्या एकटीचा पंधरवडा सहज जातो, म्हणजे आठ तासांचे साडेसहा दिवस. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला २०२४-२५ चा दर होता दिवसाला २९७ रुपये. खड्डे खणण्याच्या दरानं मोजलं तरी नुसती मजुरी एकोणीसशेच्या वर जाते. कापड, दोरा, प्रदर्शनाला जायचं गाडीभाडं वेगळं. स्टॉलवर उभं राहून "बाराशेला द्या ना ताई" म्हणणाऱ्यानं हा गुणाकार एकदा करावा. आणि तो करायचा नसेल तर ब्लँकेट घ्यावं, त्यात कमीपणा काही नाही.

भेट म्हणून शिवलेल्या गोधडीला मात्र हा गुणाकार लावू नये. तिथं तो लावला की सावड मोडते. बाजार आणि मैत्री दोन्हीला गोधडी पुरेल, पण "तू छान शिवतेस, आमच्या ऑफिसातल्यांनाही दे ना करून, पैसे देतील" असं म्हणणाऱ्या मैत्रिणीनं दोन्ही हिशेब एकात कालवलेले असतात.

जाता जाता ब्लाउजपीसबद्दल. ओटी भरताना, हळदीकुंकवाला, डोहाळजेवणाला मिळालेला ब्लाउजपीस हा मराठी अर्थव्यवस्थेतला सर्वांत वेगानं फिरणारा ऐवज आहे. तो कुणी शिवत नाही. घडी न मोडता तो या घरातून त्या घरात जातो आणि कधी कधी तीन वर्षांनी मूळ मालकिणीकडे परत येतो. देणं आहे, पण कुणीच दिलेलं नाही. महाडच्या बाजारपेठेत आणि औद्योगिक वसाहतीच्या आसपासच्या चाळींत आता या ब्लाउजपीसांचेच चौकोन करून गोधड्या शिवल्या जातात, शिंप्याकडून पिशवीभर कातरण आणून. रंग भडक, कापड अर्धं सुती अर्धं नकली, अस्तराला जुनी चादर. जाणकार नाकं मुरडतात. मला त्या आवडतात. बरीच वर्षं नुसताच फिरणारा ऐवज अखेर कुणाच्या तरी कामी लागतो. हॉस्टेलला निघालेल्या मुलीला, नोकरीसाठी परदेशी चाललेल्या जोडप्याला अशी एकेरी गोधडी मिळते, आणि विमानाच्या तेवीस किलोंतले दोन-अडीच किलो तिला द्यायचे की लोणच्या-पापडांना, यावरून घरात वाद होतो.

चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला २०२७ मध्ये शंभर वर्षं होतील. समारंभ होतील, प्रदर्शनं मांडली जातील, छायाचित्रं आणि वृत्तपत्रांची कात्रणं लावली जातील. त्या निमित्तानं महाड आणि पोलादपूरच्या शाळा-महाविद्यालयांनी आणखी एक काम अंगावर घ्यावं. घरोघरी जाऊन जुन्या गोधड्या, दुपटी, कुंच्या पाहाव्यात, फोटो काढावेत आणि घरातल्या वडीलधाऱ्या बाईला तीन गोष्टी विचाराव्यात: लुगडं कुणाचं होतं, शिवायला कोण कोण बसलं होतं, आणि कुणासाठी. वस्तू घरातच राहू द्यावी, संग्रहालयात नेऊन कपाटात कोंबू नये. नोंद मात्र तालुक्याच्या ग्रंथालयात ठेवावी. काम अवघड नाही, पण लवकर करायला हवं, कारण नऊवारी नेसलेल्या बायका आता मोजक्या उरल्या आहेत. तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक घरांत मुलीचं, सुनेचं, नातवाचं नाव येईल. जिथे शेजारणीचं किंवा शाळेतल्या सोबतिणीचं येईल, ती गोधडी आधी नोंदवावी आणि त्या दोघींची नावं पूर्ण लिहावीत, माहेरच्या नावासकट.